40 वॅटची ऊब

मामाच्या पोल्ट्रीवर पिल्लं यायची ती पहाटे, अंधारात. टेम्पोतून भोकाभोकांची पुठ्ठ्याची खोकी उतरायची आणि शेडमध्ये एकदम चिवचिवाट भरून जायचा. शेड आदल्या दिवशीच तयार असे. खाली भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्रं, भोवती पत्र्याचं गोल कडं आणि मधोमध टांगलेली पत्र्याची छत्री. छत्रीच्या पोटात चार पिवळे बल्ब. भांड्यांत गुळाचं पाणी भरलेलं असायचं, कारण एका दिवसाची पिल्लं प्रवासानं दमून आलेली असतात. पहिल्या आठवड्यात त्या छत्रीखाली 35 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायची असते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. मामाच्या शेडमध्ये थर्मामीटर होता, खांबाला खिळ्यावर अडकवलेला. पण मामा बघायचा तो पिल्लांकडे.

"बल्बाखाली गोळा झाली म्हणजे थंडी वाजतीया. पत्र्याला चिकटून चोची वासल्या म्हणजे उकडतंय. समदीकडं सारखी पांगली की मग आपण झोपायला मोकळं."

माणदेशातल्या माळावर डिसेंबरची थंडी चांगलीच बोचते. लोडशेडिंगच्या वर्षांत रात्री वीज गेली की मामा उठून शेगडी पेटवायचा, गोणपाटाचे पडदे खाली सोडायचा आणि कड्याशेजारीच बसून राहायचा. शाळेच्या सुट्टीत मीही त्याच्याजवळ बसलेली आहे, पायांवर घोंगडं घेऊन. वीज आली की आधी पिल्लांचा आवाज बदलायचा आणि मग आम्हाला हायसं वाटायचं.

हे सगळं मला अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, एका तळघरात आठवलं, 20 लिटर बिअरच्या बादलीसमोर उकिडवं बसलेली असताना.

मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. लग्नानंतर इथे आले, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात लागली आणि सूक्ष्मदर्शकाशी संबंध सुटला. तो परत जोडला गेला बिअरमुळे. ऑफिसातल्या एका बाईंनी घरी केलेली काळसर पोर्टर मला चाखायला दिली. तिच्यात भाजलेल्या धान्याचा, कॉफीचा, थोडा जळक्या गुळाचा वास होता. मला पिण्यापेक्षा ती झाली कशी याचंच अप्रूप वाटलं. जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करतात, म्हणजे आपण नाचणीचं सत्त्व करतो त्याच वाटेनं. मग तो भरडून 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की धान्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, झपाट्यानं थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. एका बादलीला साडेअकरा ग्रॅमची एक पुडी पुरते. त्या पुडीत अब्जावधी जीव असतात आणि पुढचं सगळं काम त्यांचं.

त्या जिवांना ऊब नेमकी लागते. पोर्टरसारख्या एल जातीच्या बिअरचं यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांत सुखात असतं. आमच्या तळघरात डिसेंबर ते मार्च 13 अंश असतात. बाहेर जानेवारीत उणे 15 सहज होतं, त्या मानानं तळघर उबदारच म्हणायचं. पण यीस्टला ते तसं वाटत नाही.

मिलवॉकीत थंडीबद्दल तक्रार करणं तसं इतिहासाला धरून नाही. हे शहर बिअरवर मोठं झालं ते थंडीच्या जोरावर. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या जर्मन लोकांनी लागर बिअर आणली. तिचं यीस्ट दहा-बारा अंशांत आंबवतं, आणि मग ती बिअर गोठण्याच्या जवळपासच्या थंडीत आठवडेच्या आठवडे मुरवावी लागते. त्यासाठी त्यांनी टेकड्यांच्या पोटात तळघरं खणली आणि हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून त्यांत भरला. फ्रेडरिक मिलरनं 1855 मध्ये विकत घेतलेल्या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, तसल्या गुहा आजही पाहायला मिळतात. तेव्हा मला दोघातिघांनी सांगितलं, तळघर थंड आहे तर लागरच कर. सल्ला शहाणपणाचा होता, आणि फेब्रुवारीत मी लागर करतेही. पण मला ती पोर्टर हवी होती आणि ती ऐन हिवाळ्यात हवी होती. काळी, दाट बिअर जून महिन्यात कोण पितं?

पहिल्या हिवाळ्यात मी बादलीला दोन रजया गुंडाळल्या. पहिले दोन दिवस एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या झडपेतून, बुडबुडे आले, मग थांबले. दहा दिवसांनी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी, सोडला तर आकडा 1.022 वर. सुरुवात 1.050 ला होती आणि उतरायला हवं होतं 1.012 पर्यंत. म्हणजे बरीच साखर तशीच पडून होती आणि यीस्ट गारठून तळाशी जाऊन बसलं होतं. रजई स्वतः ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. सुरुवातीची धरून ठेवलेली ऊब दोन दिवसांत संपली, बस्स.

दुसऱ्या हिवाळ्यात मी बादलीला बांधायचा विजेचा पट्टा आणला. त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होण्याची सोय, नव्हता. तो लावला, वरून रजयाही तशाच ठेवल्या आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बादलीवरची थर्मामीटरची पट्टी 29 दाखवत होती. आंबवण तीन दिवसांत संपली आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास आला. जास्त उष्णतेत यीस्ट भराभर वाढतं आणि त्या घाईत जड अल्कोहोलं आणि तीव्र वासाची एस्टरं करून ठेवतं. घशाला जळजळ, दुसऱ्या दिवशी डोकं जड. महिनाभर मुरवूनही तो वास गेला नाही. 19 लिटर बिअर मी मोरीत ओतली. चार तासांची मेहनत होती, चांगला माल्ट होता, आणि यीस्टनं तर त्याचं काम मन लावून केलं होतं. त्याला ठेवलं मी चुकीच्या जागी. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

त्या रविवारी मामाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना चेहऱ्यावरून त्यानं ओळखलं. काय सांगावं कळेना. मामा दारूच्या थेंबाला शिवत नाही. आईच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान मागितलं तेव्हा आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरलेल्यांत माझी आई होती. आमच्या आळीतल्या दोन घरांची वाताहत आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मी घरी बिअर करते हे त्यांना ठाऊक होतं, पण कुणी त्याचा विषय काढत नसे. मी मामाला एवढंच म्हटलं, "एक जिवंत गोष्ट आहे, तिला वीस दिवस 19 अंशांत ठेवायचंय. खोली 13 अंशांची आहे. पट्टा लावला तर जळालं, नाही लावला तर गारठलं."

"बल्ब लाव की," मामा म्हणाला.

मग त्यानं मला पाऊण तास शिकवलं. ऊब एका जागी चिकटवायची नाही, हवेतून द्यायची. बल्ब झाकलेला पाहिजे, पण कोंडलेला नको. भिंतीला फट राहिली तर चार बल्बही पुरत नाहीत, आणि फट बुजवली तर एकातही भागतं. काय जिवंत आहे, हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही.

होमब्रू, म्हणजे घरी बिअर, करणारे इथे जो हीटर वर्षानुवर्षं करत आले आहेत, तो मामाच्या छत्रीचाच भाऊ आहे: रंगाच्या डब्यात बसवलेला बल्ब. रंग मिळतो तसा एक गॅलनचा, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरचा, पत्र्याचा डबा हार्डवेअरच्या दुकानात कोराही मिळतो. कोराच घ्यावा, वापरलेल्यातला रंग तापला की घाण वास सोडतो आणि तो वास बिअरजवळ नको. मी झाकणाच्या मध्यावर चिनीमातीचा होल्डर दोन स्क्रूंनी बसवला. प्लॅस्टिकचा होल्डर सतत तापून कडक होतो आणि तडकतो. बाजूला भोक पाडलं, पत्र्याच्या धारेनं वायर कापू नये म्हणून त्यात रबरी बुच बसवलं आणि तीन तारांची जाड केबल आत घेतली. तिसरी, हिरवी तार डब्याच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट आवळली. हे अर्थिंग कुणीही टाळू नये. शेजारी 20 लिटर पाणी आहे आणि हातात पत्र्याचा डबा. सॉकेटही मी करंट गळल्याबरोबर वीज तोडणाराच वापरते.

बल्ब डब्यात लपवण्याचं आणखी एक कारण आहे. हॉप्समधले कडू पदार्थ उजेडात मोडतात आणि त्यांतून गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. इथले लोक त्याला स्कंक नावाच्या प्राण्याच्या वासाची उपमा देतात. बिअर तपकिरी बाटल्यांत भरतात ती त्यासाठीच. तेव्हा ऊब हवी, पण प्रकाश नको. बल्ब म्हणजे तरी काय, जुना पिवळा बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच घालवतो. दिवा म्हणून हा त्याचा दोष. ऑगस्ट 2023 पासून इथे घरगुती पिवळे बल्ब विकायला बंदी आली ती त्याच दोषापायी. पण ओव्हनच्या आत लावायचे 40 वॅटचे छोटे बल्ब त्या नियमातून सुटले आहेत आणि माझ्या डब्यात तसलाच एक आहे. ज्यांना तोही नको ते पाळीव सरड्यांसाठी मिळणारा सिरॅमिकचा हीटर लावतात. तो उजेड अजिबात देत नाही.

पेटी केली दोन इंच जाडीच्या फोमच्या तक्त्यांची. साठ सेंटिमीटर लांब-रुंद, नव्वद उंच, सांधे ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद केलेले. फोम पेट घेतो, म्हणून डबा फरशीच्या तुकड्यावर ठेवला आणि चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली. जुन्या संगणकातला पंखा एका कोपऱ्यात लावला. तापमान राखायला इंकबर्ड कंपनीचा एक तयार कंट्रोलर आणला. त्याला एक लांब वायरीचा सेन्सर असतो आणि दोन सॉकेट, एक तापवायला आणि एक थंड करायला. मला तापवायचंच पुरतं.

मग मी कागद-पेन घेऊन बसले, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगात मला सर्वात सुख त्या संध्याकाळी मिळालं. पेटीचं सगळं अंग मिळून पावणेतीन-तीन चौरस मीटर. तेवढ्या फोममधून एका अंशाच्या फरकाला साधारण दीड वॅटहून थोडी जास्त उष्णता बाहेर जाते. तळघर 13, आत 19. म्हणजे सहा अंशांचा फरक राखायला दहा वॅट पुरे! आईच्या देवघरातल्या मिणमिणत्या बल्बाइतके. 40 वॅटचा बल्ब एकदा पेटी तापली की पाव वेळच लागेल आणि बाकी वेळ विझलेला राहील. मामाचं फटीबद्दलचं म्हणणं आकड्यांत असं दिसतं.

बिअर घालण्याआधी मी 20 लिटर साध्या पाण्यावर तालीम केली. पाणी 13 वरून 19 वर न्यायला हिशोबानं साडेतीन तास लागायला हवे होते, लागले सात. पाणी तापण्याआधी हवा तापते आणि तापलेली हवा आधी भिंतींना वाटा देते, तो वाटा मी धरला नव्हता. त्याआधी 100 वॅटचा सिरॅमिक हीटर लावून पाहिला होता. तेव्हा पेटीतली हवा चाळिशीला गेली आणि बादलीत वर 22, तळाला 17 असे दोन थर झाले. यीस्ट तळाशी बसतं, म्हणजे त्याला ऊब मिळालीच नसती आणि कंट्रोलर मात्र समाधानी राहिला असता. 40 वॅट आणि पंखा यांच्यावर वरखालचा फरक एका अंशाच्या आत आला. हळू तापलं, पण सारखं तापलं.

सेन्सर कुठे लावायचा, यावर मात्र माझा आठवडा गेला. पहिल्यांदा तो मी हवेत लटकवला. हवा चटकन तापते आणि चटकन निवते, म्हणून बल्ब सारखा लागत-विझत राहिला आणि पाणी आपलं 15 वरच. हवा 19 आहे हे खरं, पण यीस्ट हवेत राहत नाही. उलटा धोका त्याहून मोठा आहे. आंबवण ऐन भरात आली की यीस्ट स्वतः उष्णता सोडतं आणि बादलीतलं तापमान हवेपेक्षा तीन-चार अंशांनी वर जाऊ शकतं. हवा 19 दाखवत असते आणि आत 23 झालेले असतात. शेवटी मी सेन्सर बादलीच्या अंगाला, द्रवाच्या मध्याच्या उंचीवर चिकटवला आणि त्यावर फोमचा जाड तुकडा टेपनं दाबून बसवला, म्हणजे त्याला हवा लागणार नाही, फक्त बादली लागेल. अर्ध्या अंशाची मोकळीक दिली. साडेअठराला बल्ब लागेल, 19 ला विझेल.

खांबावरच्या थर्मामीटरकडे न बघता मामा पिल्लांकडे का बघायचा, ते मला तेव्हा समजलं. तो थर्मामीटर शेडच्या हवेचा होता.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण हे वाचणारे बरेच जण महाराष्ट्रात असतील. इथे अमेरिकेत घरी बिअर करणं 1919-20 च्या दारूबंदीपासून बेकायदा होतं आणि बंदी उठल्यावरही बिअरची सूट कायद्यात यायची राहून गेली. जिमी कार्टर यांनी 1978 च्या ऑक्टोबरात सही केली, 1 फेब्रुवारी 1979 पासून ती सूट लागू झाली. एकटा प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा अधिक असतील तर 200, आणि विकायची नाही. सगळी राज्यं या रांगेत येईपर्यंत 2013 उजाडलं. शेवटी आली मिसिसिपी आणि अलाबामा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं त्यात गुन्हा आहे. तेव्हा तिथे कुणी ही बादली भरू नये. पेटी मात्र जरूर करावी. महाबळेश्वरला किंवा नाशिकला जानेवारीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून हळहळणाऱ्या घरांत ती सोन्यासारखी उपयोगी पडेल. फक्त कंट्रोलर 30 वर ठेवायचा. माझ्या पेटीत बिअर नसते तेव्हा इडलीचं पीठच असतं. आईला त्या पेटीचं कौतुक आहे. पीठ वर आलं का, हे ती दर वेळी विचारते. बादलीचं विचारत नाही, आणि मी तिला त्याबद्दल कधी समजवायला जात नाही. तिनं जे पाहिलं आहे ते मला एखाद्या चांगल्या पोर्टरनं पुसता येणार नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी, मी परत पोर्टर घातली. गोड पाणी 19 वर आणून यीस्ट सोडलं, झाकण लावलं, पेटी बंद केली. कंट्रोलरवर तापवण्याचा लाल ठिपका आहे. तो लागे, विझे, परत लागे. पहिल्या रात्री मी दोनदा उठून तळघरात गेले. सकाळी एअरलॉकमध्ये काही नव्हतं. दुपारी पहिला बुडबुडा आला, मग मिनिटाला एक, मग रविवारी रात्रीपर्यंत त्यांची अशी रांग लागली की मोजता येईना. झाकणाला कान लावला तर आत बारीक फसफस, पाऊस दूरवर पडत असल्यासारखी.

आणि लाल ठिपका लागेना.

मी अर्धा तास तिथे बसले. आकडा 19.2 होता, मग 19.6. बल्ब विझलेलाच. वायर निसटली का, फ्यूज गेला का, सगळं तपासलं. काही बिघडलं नव्हतं. मग परत कागदावर हिशोब मांडला. दीड किलोच्या आसपास साखर यीस्ट दोन-तीन दिवसांत फस्त करतं आणि त्यातून निघणारी उष्णता सरासरी चार-पाच वॅट भरते. बाहेरची थंडी त्या दोन दिवसांत जरा ओसरून तळघर 15 वर आलं होतं आणि भराच्या वेळी ते चार-पाच वॅट दुप्पट होत असणार. पेटीला तेवढं पुरत होतं. बादलीतल्या जिवांची स्वतःची ऊब आता स्वतःला पुरत होती.

रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे मामाकडे सोमवारची सकाळ, साडेआठ. पोल्ट्री त्यानं आता माझ्या मामेभावावर सोपवली आहे, पण नवी बॅच आली की पहिले चार दिवस अजूनही शेडमध्ये तोच झोपतो. फोन उचलला तेव्हा मागे चिवचिवाट होता.

"मामा, बल्ब लागायचा बंद झालाय."

"मग? गार पडलंय का?"

"नाही. अर्धा अंश वरच आहे."

तो थोडा वेळ बोलला नाही. कुणाला तरी पाण्याची भांडी धुवायला सांगत होता.

"पंख फुटल्यावर आम्ही बी छत्री वर घेतो," तो म्हणाला. "डबा तिथंच राहू दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोर उतरंल तेव्हा परत लागंल तो. आणि सारखं झाकण उघडून बघत बसू नको, जा झोप."

मी दिवा मालवून वर आले. मंगळवारी पहाटे पाणी प्यायला उठले, तेव्हा तळघराच्या दारातून खाली पाहिलं. अंधारात लाल ठिपका लागलेला होता.